चौथ्या शनिवारची चोरी

पुढचा घटनाक्रम एका घरचा नाही. त्यातली माणसं, रकमा आणि वेळा रचलेल्या आहेत. चोरीची पद्धत मात्र खरी आहे, आणि गेली काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात ती साधारण याच क्रमाने चालते आहे.

गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. मोंढा, बसस्थानक, दोन बँका, एक सोसायटी. महिना मार्च, आणि मार्चमध्ये गावात बोलणं एकाच गोष्टीचं असतं: पीककर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं घेणं. मुदतीत कर्ज भरलं तर तीन लाखांपर्यंत शेतकऱ्याला व्याज पडत नाही; केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून ते शून्यावर येतं. मुदत चुकली की सवलत गेली. त्यामुळे वर्षभर कोरडी असणारी खाती मार्चअखेर भरलेली असतात.

शुक्रवार, दुपारी ३.१५

हरभऱ्याची पट्टी झाली आणि आडत्याने रक्कम खात्यावर टाकली. सोयाबीनचे मागे ठेवलेले पैसे धरून अण्णांच्या खात्यात आता २,८६,४१३ रुपये. अण्णा एकसष्ट वर्षांचे, जमीन पाच एकर, एक मुलगा चाकणला कंपनीत. गटसचिवाला त्यांनी मोंढ्यातूनच फोन लावला.

"उद्या चौथा शनिवार आहे अण्णा, बँक बंद. सोमवारी चेक घेऊन या, तुमचं नवं-जुनं करून टाकू."

"सोमवारी पहिल्या पारी येतो."

संध्याकाळी ६.५०

गावच्या शेतकरी गटावर व्हॉट्सअ‍ॅप आलं. पाठवणारा कृषी सेवा केंद्राचा मालक. त्याच्याकडून अण्णा वीस वर्षं बी-बियाणं नेतात, उधारीवर नेतात. मजकूर मराठीत, थोडा अशुद्ध: पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, आज रात्री १२ पर्यंत ई-केवायसी करा, नाहीतर नाव यादीतून जाईल. खाली एक फाईल. नावात 'पीएम किसान', शेवटी 'एपीके'.

दुकानदाराने हे पाठवलंच नव्हतं. आदल्या दिवशी त्याने अशीच एक फाईल उघडली होती, आणि तेव्हापासून त्याचं व्हॉट्सअ‍ॅप दुसराच कुणी चालवत होता.

अण्णा फसले कारण ते भोळे, असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी. हा पैसा सुरू राहावा म्हणून गेल्या काही वर्षांत शेतकऱ्याला काय काय करायला लावलं ते आठवून पाहा. ई-केवायसी करा, आधार खात्याला जोडा, ई-पीक पाहणीचं अ‍ॅप घ्या, शेतात उभं राहून फोटो काढा, फार्मर आयडी काढा. प्रत्येक वेळी मुदत होती, प्रत्येक वेळी 'नाहीतर लाभ बंद' होतं, आणि बहुतेक वेळा बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरूनच गावात आली. मुदतीच्या धाकाने मोबाईलवर काहीतरी दाबायची सवय सरकारी कामकाजानेच लावून दिली आहे. चोराला नवीन काही शिकवावं लागलं नाही.

संध्याकाळी ७.०५

अण्णांनी फाईलवर बोट ठेवलं. फोनने अडवलं. पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली: अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप आहे, धोका असू शकतो. अण्णांना त्यातलं एकच अक्षर ओळखीचं होतं, ओके. त्यांनी ते दाबलं.

मग परवानग्या. मेसेज वाचू द्या. फोन करू द्या. संपर्कांची यादी पाहू द्या. पार्श्वभूमीत चालू राहू द्या. मेसेजचं मुख्य अ‍ॅप म्हणून मलाच नेमा. एकामागून एक पाच खिडक्या, प्रत्येकीत एक निळं बटण.

सगळ्या प्रकरणातला हा खरा क्षण. पैसा जायला अजून पाच तास आहेत, पण कुलूप आत्ता उघडलं. इथून पुढे बँकेचा प्रत्येक ओटीपी अण्णांच्या आधी दुसरीकडे पोचणार, आणि 'तुमच्या खात्यातून इतके गेले' हा मेसेज अण्णांना दिसणारच नाही.

संध्याकाळी ७.१२

तिरंगी पट्टी, शेतकऱ्याचं चित्र, खाली अर्ज. नाव, आधार क्रमांक, मोबाईल. पुढच्या पानावर 'पडताळणी शुल्क १ रुपया'. त्यासाठी एटीएम कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, आणि पिन.

पिनपाशी अण्णा थांबले. चष्मा काढून पुसला. मग वाटलं, एक रुपयाच तर जाणार आहे. पिन टाकला. चक्र फिरत राहिलं, आणि 'सर्व्हर व्यस्त आहे, २४ तासांनी पाहा' अशी ओळ आली. अ‍ॅपचं चिन्हही पडद्यावरून नाहीसं झालं. सरकारी साइट म्हटलं की सर्व्हर व्यस्त असतोच. शंका यायला जागा नव्हती.

खरी ई-केवायसी तीन रस्त्यांनी होते: पीएम किसानच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर ओटीपीने, त्याच अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून, किंवा सेवा केंद्रात अंगठा लावून. तिन्हीत एटीएमचा पिन कुठेही लागत नाही.

रात्री ७.४०

कुठल्यातरी शहरातल्या खोलीत कुणीतरी अण्णांच्या नावाने नेट बँकिंग उघडतो. पासवर्ड ठाऊक असण्याची गरज नाही. कार्डाचे तपशील आणि ओटीपी असला की अनेक बँकांत तो नव्याने ठरवता येतो. ओटीपी आलाच. मग तो तीन नवे लाभार्थी जोडतो, म्हणजे पैसे जिथे पाठवायचे ती खाती. असा लाभार्थी जोडल्यावर बऱ्याच बँका काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. ग्राहक सावध व्हावा म्हणून ठेवलेला तो अवधी आहे. चोर तो बसून काढतो.

रात्री ८.३०

जेवणं चालली होती. बारावीला असलेली पुतणी ताट घेऊन आली तेव्हा अण्णांनी सहज सांगितलं, केवायसी करून टाकली.

"कशी केली काका? सेवा केंद्रात गेलता का?"

"नाही गं, गटावर फाईल आलती. कृषी केंद्रवाल्याने टाकली."

"फाईल? एपीके होती का? काका, सरकारचं अ‍ॅप प्ले स्टोअरवर असतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल येत नसती. आमच्या कॉलेजात सांगितलंय."

"अगं, ओळखीचा माणूस आहे तो. असातसा थोडाच आहे?"

पोरगी गप्प बसली. मोठ्या माणसापुढे किती बोलायचं याची एक मर्यादा असते घरात. तिचं बोलणं शब्दशः खरं होतं, आणि पुढचे तीन तास ते उपयोगाचंही होतं. फोन विमान मोडवर टाकायचा. सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालायचं, म्हणजे ओटीपी आपल्याच हातात येतात. त्या फोनवरून बँकेच्या मदत क्रमांकावर कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला सांगायचं. तिघांनी मिळून केलं तर अर्धा तास लागतो. बँकेच्या मदत क्रमांकाला चौथा शनिवार नसतो.

तिने गटावरही लिहिलं नाही. दुकानदाराचा अपमान होईल असं वाटलं.

रात्री ११.४१

एक रुपया जातो. रस्ता मोकळा आहे का ते पाहण्यासाठी.

११.५४

९५,००० रुपये.

१२.०३

तारीख बदलली, दिवसाची मर्यादा नव्याने सुरू झाली. म्हणून तर मध्यरात्रीची वेळ धरतात: दोन दिवसांच्या दोन मर्यादा बारा मिनिटांत वापरून होतात. ९९,००० रुपये.

१२.०६

९२,००० रुपये. शिल्लक ४१२.

अण्णांचा फोन उशाशी चार्जिंगला होता. एकदाही वाजला नाही.

शनिवार, मध्यरात्री १२.५०

तीन खात्यांत गेलेली रक्कम आता नऊ खात्यांत आहे. यांना भाड्याची खाती म्हणतात. कॉलेजातलं एखादं पोर, कामाच्या शोधातला एखादा तरुण. पाच-दहा हजार मिळतात म्हणून तो आपलं पासबुक, एटीएम आणि सिम देऊन टाकतो. तपास होतो तेव्हा पोलीस आधी त्याच्या दारात येतात, कारण खातं त्याच्या नावावर असतं. ही पोरंही बहुतेक आपल्याच गावांसारख्या गावांतली असतात. 'खातं वापरायला दे, पैसे देतो' असं कुणी म्हणालं तर तो गुन्ह्यात भागीदारी मागतो आहे, हे कॉलेजच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवं.

पहाटे १.१५

अण्णांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच फाईल भजनी मंडळाच्या गटावर जाते, भावकीच्या गटावर जाते, आणि बायकोच्या बचत गटातल्या ज्यांचे नंबर फोनमध्ये होते त्यांनाही जाते. मजकूर तोच. आता खाली नाव अण्णांचं, आणि अण्णांच्या शब्दाला गावात किंमत आहे.

सकाळी ९.२०

पेट्रोल पंपावर टाकीभर पेट्रोल. पैसे जाईनात. पंपावरचा पोरगा म्हणाला, "रेंज नसंल काका." अण्णांनी खिशातून नोटा काढून दिल्या.

सकाळी १०.१०

मनात काहीतरी हललं म्हणून ते एटीएमवर गेले. कागदाची चिठ्ठी बाहेर आली. ४१२ रुपये. मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा कार्ड घातलं. ४१२. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर गेले. तिथेही तेच.

बँकेचं शटर खाली होतं.

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सगळ्यात महाग तास इथून सुरू होतात. त्या घडीला अण्णांनी १९३० हा नंबर फिरवला असता तर? दहा तास होऊन गेले होते, बराचसा पैसा निसटला होता, पण सगळा नाही. हा क्रमांक केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर यंत्रणेचा. २०२१ मध्ये ही व्यवस्था उभी राहिली. तक्रार नोंदली की संबंधित बँकेला लगेच सूचना जाते, पैसे पुढच्या बँकेत गेले असतील तर तिलाही जाते, आणि जिथे रक्कम सापडेल तिथे ती गोठवतात. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळतो आणि सूचना त्याच्या मागे पळते. एटीएममधून नोटा निघाल्या की पाठलाग संपला. म्हणून त्यात तास मोजावे लागतात. सुट्टी, रात्र, सण असं काही या नंबरला नाही, आणि आधी ठाण्यात जाऊन यावं लागत नाही.

अण्णांना हा नंबर ठाऊक नव्हता. बँकेच्या काचेवर तो चिकटवलेला होता, शटरच्या आत.

ठाऊक असता तरी त्यांनी फिरवला असता का? गावात पैसे चोरीला गेले तर माणूस ओरडतो. बैल चोरीला गेला तर चार वाड्यांवर निरोप जातात, पोरं रानोमाळ धावतात. मोबाईलवरून पैसे गेले की माणूस तोंड झाकतो. पिन आपणच दिला, पोरीने सांगितलं तरी ऐकलं नाही, आता लोक काय म्हणतील, मुलगा काय म्हणेल. शहरातला सुशिक्षित माणूसही असाच गप्प बसतो, पण त्याला ओळखणारी माणसं थोडी. तालुक्याच्या गावात दुपारपर्यंत बातमी पारावर पोचते, आणि माणूस तिलाच भितो. चोराने अण्णांकडून पिन घेतला. पुढचे पंचवीस तास त्याला अण्णांच्या लाजेने मिळवून दिले.

दुपारी १ ते रात्री ९

अण्णा शेतात जाऊन बसले. जेवायला आले नाहीत. बायकोने दोनदा विचारलं. "ऊन लागलंय," म्हणाले. रात्री दिवा मालवल्यावर त्यांनी तिला सांगितलं. ती उठून बसली आणि म्हणाली, "पोराला फोन लावा." त्यांनी लावला नाही.

रविवार, सकाळी १०.४०

तिने लावला.

मुलगा चाकणहून बोलत होता. रागावला नाही, आणि या सगळ्या प्रकरणातली ती एकच नशिबाची गोष्ट. पहिला प्रश्न त्याने विचारला, "फोन चालू आहे का अजून? बंद करा. आत्ता." दुसरा प्रश्न: "१९३० ला सांगितलं का?"

सकाळी ११.१५

पुतणीच्या फोनवरून १९३०. तीन वेळा लाइन व्यस्त, चौथ्यांदा लागली. पलीकडच्या माणसाने मराठीत विचारलं: खातं क्रमांक, किती वाजता, किती रक्कम, व्यवहाराचा क्रमांक काय. शेवटचं कुणाकडे नव्हतं, कारण मेसेज कधी दिसलेच नव्हते. पासबुकवरचा खाते क्रमांक आणि एटीएमच्या दोन चिठ्ठ्या, एवढ्यावर तक्रार नोंदली गेली. मुलाने तिकडून cybercrime च्या सरकारी पोर्टलवर बाकीचे तपशील भरायला घेतले.

दुपारी ३.००

नऊ खात्यांपैकी एकात ७,२०० रुपये सापडले आणि गोठवले गेले. बाकीचे शनिवारी दिवसभरात तीन राज्यांतल्या एटीएममधून निघाले होते. हे ७,२०० सुद्धा लगेच हाती येत नाहीत. पोलीस, बँक, प्रसंगी न्यायालयाचा आदेश, असा त्यांचा प्रवास बाकी आहे.

सोमवार, सकाळी १०.१५

बँकेत दोन माणसं कामाला आणि समोर मार्चअखेरची रांग. शाखाधिकारी भले होते. त्यांनी अण्णांना खुर्ची दिली, खात्याचा उतारा छापून दिला, अर्ज लिहून घेतला. उताऱ्यावर अण्णांनी पहिल्यांदा ते चार आकडे पाहिले: १, ९५,०००, ९९,०००, ९२,०००. एक रुपयावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले.

"साहेब, बँक भरून देईल का?"

शाखाधिकाऱ्यांनी खरं ते सांगितलं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हा नियम घालून दिला. चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, कुठेतरी तिसरीकडे भगदाड पडलं असेल, तर कामाच्या तीन दिवसांत कळवलं की ग्राहकाला एक पैसाही सोसावा लागत नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

नियम वाचायला सरळ आहे. पण ज्या फोनवर धोक्याची सूचना अण्णांना न येणाऱ्या भाषेत आली, ज्या बँकेने वर्षाला एखाद-दुसरा मोठा व्यवहार करणाऱ्या एकसष्ट वर्षांच्या शेतकऱ्याच्या खात्यातून मध्यरात्री अडीच लाखांवर रक्कम नव्या खात्यांत जाताना काहीच विचारलं नाही, त्यांच्या वाट्याला या हिशेबात काहीच येत नाही. हे मला न्याय्य वाटत नाही. रात्री अकरा ते सकाळी सहा नव्या लाभार्थ्याला मोठी रक्कम पाठवण्यावर ग्रामीण खात्यांत मुळातच बंदी का असू नये? ज्याला हवी तो शाखेत येऊन उघडून घेईल. कार्डाबाबत असं काही झालेलं आहे: २०२० पासून नवं कार्ड ऑनलाइन खरेदीसाठी बंदच येतं, ग्राहकाने सांगितलं तर चालू होतं. तोच विचार नेट बँकिंगला लावता येईल. केंद्र सरकारनेच संसदेत दिलेला आकडा आहे: सायबर फसवणुकीत देशभरातून २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गेले होते, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. इतकी माणसं एकदम निष्काळजी झाली, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

दुपारी १२.३०

पोलीस ठाणे. तक्रार, उताऱ्याची प्रत, १९३० च्या तक्रारीचा क्रमांक. फोनमधले फोटो काढून घेऊन तो पूर्ण पुसायचा, आणि व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर नव्याने घेऊन दोन टप्प्यांचा पिन लावायचा, असं तिथल्या शिपायाने सांगितलं. आणखी एक विचारलं: "तुमच्या नंबरवरून कुणाला फाईल गेली का, बघितलं का?"

नव्हतं बघितलं.

दुपारी २.१०

पुतणीच्या फोनवर भजनी मंडळाचा गट उघडला. शनिवारी पहाटे १.१५ ची फाईल, अण्णांच्या नावाने. खाली सात जणांनी अंगठा दाखवला होता. एकाने लिहिलं होतं, 'धन्यवाद अण्णा'.

सोसायटीत गटसचिव वाट पाहत होता. अण्णांनी त्याला फोन करून पैसे भरता येणार नाहीत एवढं सांगितलं. मुदत आता काही दिवसांवर होती, आणि उसनवारी करून एवढी रक्कम उभी राहणार नव्हती. व्याज लागणार, नाव थकबाकीत जाणार, पेरणीच्या वेळी नवं कर्ज अडणार. त्यांनी ते मनात सोडून दिलं आणि पुतणीला म्हणाले, "मी सांगतो तसं लिही. माझं नाव घालून लिही. किती गेले ते पण लिही."

दुपारी २.३०

संदेश गटांवर गेला. मग अण्णा चालत मंदिरात गेले आणि पुजाऱ्याला म्हणाले, भोंगा लावा. स्वतःच्या तोंडाने त्यांनी सांगितलं: माझ्या नावाने आलेली फाईल उघडू नका, माझे २ लाख ८६ हजार गेले, ज्याने उघडली असेल त्याने फोन बंद करून इकडे यावं, १९३० ला फोन लावून देतो.

दुपारी ३.०५ ते ५.००

अकरा जण आले. चौघांनी फाईल उघडली होती. त्यातल्या दोघांची खाती शनिवारीच रिकामी झाली होती, आणि तेही दोन दिवस घरात गप्प बसून होते. तिसऱ्याने परवानग्या दिल्या होत्या, पिन दिला नव्हता. चौथी बचत गटाची अध्यक्ष. तिने फाईल आजच दुपारी एक वाजता उघडली होती, पिनही टाकला होता. गटाच्या खात्यात १ लाख ९० हजार होते, चौदा बायकांचे.

सायंकाळी ५.१०

तिचं सिम पुतणीच्या जुन्या साध्या फोनमध्ये घातलं. दोन मिनिटांत एक मेसेज आला: नवा लाभार्थी जोडला गेला आहे.

५.२५

बँकेच्या मदत क्रमांकावरून खातं गोठवलं गेलं. शिल्लक १ लाख ९० हजार, पूर्ण. बाकीचे दहा जण रांगेत उभे होते. पुतणीने पुढचा नंबर फिरवायला घेतला.